तेका येवंदे

सर्जेकोटला ओहोटी लागली की
मला साधारण दीड तास मिळतो.
बर्फाच्या कारखान्यातून सुटतो तसाच येतो,
पँट गुडघ्यापर्यंत ओली, बोटं अजून बधिर,
आणि थर्माकोलच्या चार फुटक्या पेट्या वाळूत रोवतो.
दोन गोल झाले.

आज एवढंच: दोघं, आणि समोर एक.
बॉल शमिकाकडे. उजवीकडे लौकिक.
मध्ये हर्षल मेस्त, गुडघ्यांवर हात,
होडी सुटून गेल्यावर धक्क्यावर राहिलेल्या माणसासारखा.

दोन वजा एक. पाचवीतल्या पोराचं गणित.
पण शमिका बॉल लगेच देऊन टाकते,
तापलेलं भांडं असल्यासारखा.
हर्षल नुसता वळतो. एकास एक.
हातातली शिल्लक गेली.

पुढच्या वेळी उशीर.
हर्षलचा पाय, बॉल लाटेत.

"तेका येवंदे गो, तेका येवंदे!
तेच्यापासून पळा नको, तेच्याच आंगार जा.
तेणां ठरवूक व्हया,
तुका धरूचा काय लौकिकाक.
तेचो पाय हललो, की सोड."

बाबा रापणीवर होते.
दोन दोर, दोन टोळ्या, मध्ये भलं मोठं अंतर.
घाईने जवळ आलात तर मासळी बाजूने निसटते,
असं म्हणायचे, आणि मला मागे ढकलायचे.
मी लौकिकला तसाच ढकलतो.
लांब. अजून लांब.

"सर, माका कोणच देणा नाय."

तू मोकळा आहेस म्हणून हर्षलचा एक डोळा तुझ्यावर असतो,
मी सांगतो. बॉल न मिळता केलेलं कामच आहे ते.
त्याला पटत नाही.
अकराव्या वर्षी मलाही पटलं नसतं.

मग भरती.
टाचेने ओढलेली रेघ आधी पुसट होते, मग नसतेच.
वीस पावलांचं मैदान बारा पावलांवर येतं
आणि दोघं असून दोघं उरत नाहीत,
हर्षल जागेवरून दोघांना पुरतो.
हसतो वर. "सर, दर्या माझ्याकडसून खेळता!"

शेवटचं एकदा.
शमिका थेट त्याच्याकडे निघते.
मी तोंड उघडतो, मिटतो.
चार पावलं. तीन.
ती बघतेय त्याच्या पायाकडे, बॉलकडे नाही.
हर्षल पाय टाकतो.

लौकिक कुठे?
रेघ होती त्याच्या पलीकडे,
गुडघाभर पाण्यात, हात वर करून,
रुंदी उरली होती तेवढ्या एकाच जागी.
बॉल घरंगळत पाण्यात शिरला
आणि उरलेलं अंतर तरंगत गेला त्याच्याकडे.

त्याने मारला की पाणी मारलं, कळलं नाही.
गोल म्हणायला पेटीच जागेवर नव्हती.
ती चालली होती पद्मगडाच्या दिशेने,
आणि एका पेटीमागे आठ पोरं,
हर्षल सगळ्यांत पुढे.