जिथं माल कमी पडला होता

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्याला
बर्फाचा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली,
तरी मागच्या आवारात उन्हं चढली
की माशांच्या पाण्याचा वास उठतोच.
तीस वर्षं ट्रक इथं उभे राहून गळत होते.

आम्ही सात घरं, दोन पहारी,
नगरपरिषदेचं एक पत्र, त्यावर गोल शिक्का.
पहिल्या रविवारी कोब्यानं आम्हाला
नुसत्या ठिणग्या दाखवल्या.
इनासच्या तळहाताला फोड,
खलीलची पहार वाकली.
रस्त्यावरून कुणी विचारलं,
"हयसर काय रुजतला? मीठ?"

दुसऱ्या रविवारी विश्राम गवंडी आला.
हा कोबा त्यानंच घातलेला, अठ्ठ्याऐंशी साली.
थोडा वेळ फाटकाशीच उभा राहिला,
मग काठीनं ठोकत ठोकत चालला,
कलिंगड पारखावं तसा कान देऊन,
आणि पश्चिमेच्या भिंतीजवळ थांबला.
"हंय मारा.
हंय सिमेंट कमी पडला होता.
मुकादम म्हणालो, रेती वाढय. मी वाढयलंय."
आणि वर न बघता,
"कोणाक सांगलंय नाय इतकी वरसां."

तिसऱ्या घावाला कोबा
शिळ्या भाकरीसारखा तुटला.
खाली माती. राखाडी, गप्प,
एक गांडूळसुद्धा नाही.
दमयंती म्हणाली, इतके पावसाळे
हिनं नुसते ऐकले असतील.

शेणखत घातलं, फणसाचा पाला घातला,
मीठ धुवायला दोन पावसाळे दिले.
पडवळ मेलं. वाल मेला.
भेंडी बोटभर येऊन पिवळी पडली.
घोळ मात्र, कुणी न पेरता,
तुटलेल्या कडेकडेनं पसरली,
जाड पानं, तांबूस देठ.
इनासच्या आईनं ओळखली.
पहिली जुडी विश्रामकडं धाडली.
दुसऱ्या दिवशी निरोप:
"बायल सांगता, भाजीक मीठ घालूचा लागला नाय."

अर्धं आवार अजून तसंच आहे.
तिथं रोझीबाय बांगडे सुकत घालते,
पोरं कोळशानं भिंतीवर स्टंप काढतात,
त्यावरून भांडणंही झाली, आम्ही तेवढं सोडलं.
पण विश्राम रविवारी येतोच,
उरलेल्या कोब्यावर काठी आपटत फिरतो.
"इथं फोडायचं का, काका?"
तो कान देतो. मान हलवतो.
"हंय नको. हंय माल बरो होतो."
आणि तिथंच, उन्हात,
टेकून बसतो जरा वेळ.