पाठपोट

कोर्टनाक्यावर, कलेक्टर कचेरीच्या भिंतीला टेकून
माझं झेरॉक्सचं दुकान. बावीस वर्षं
खारेगावचे हवालदार पदाजी भोईर येतात.
त्यांच्या शिफारशीचं पिवळं पान
मी इतक्यांदा काचेवर उपडं घातलंय
की मेजरसाहेबांची सही मला डोळे मिटून येईल.
मेजरसाहेब गेले. पलटणीचं रजिस्टर पुरात गेलं.
'मुदत संपली' हे उत्तर तेवढं
दर खेपेला ताजं, नव्या शिक्क्यासकट.

परवा आले ते विधेयक घेऊन.
कुणा खासदाराचं, खासगी; चार पानं.
शौर्यपदकांची मुदत उठवा म्हणतंय.
"पाठपोट काढ," म्हणाले, "कागद वाचव."
आणि काउंटरवर ओणवून वाचू लागले,
तर्जनी ओळीखालून सरकवत,
दर शब्दाशी जराशी तिरपी करून.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, नदीपल्याडच्या वाळूत
ते आणि दस्तगीर मुल्ला असेच पोटावर सरपटले होते,
संगीन तिरपी खुपसत, वीतभर, मग वीतभर.
मागे रणगाडे, इंजिनं चालू.
एकोणीस सुरुंग हातांनी उचलले.
विसावा मुल्लाला सापडला.
हे मला त्यांनी नाही, त्या पिवळ्या पानाने सांगितलं.

तिसऱ्या पानावर बोट थांबलं.
'हयात माजी सैनिकांस'.
त्यांनी ते उचललं नाही. दाबलंही नाही.
"व्हाइटनर आहे?"

म्हटलं, काका, ही झेरॉक्स.
इथे पुसून दिल्लीत काय पुसलं जाणार?

"वाट मोकळी झाली की
आम्ही पांढरी फीत अंथरायचो," म्हणाले,
"मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून."

बाटली सुकत आली होती. हलवून दिली.
'हयात'वर एक रेघ, थरथरती,
पण शेजारच्या अक्षराला न लागलेली.
फुंकर घातली नाही. वाळेपर्यंत उभे राहिले.

"आता वीस प्रती."

वीस कशाला, मी विचारलं नाही.
एक मिरजेला, मुल्लाच्या लेकीकडे,
एवढं पाकिटावरच्या पत्त्यावरून कळलं.

झेरॉक्सला पांढरं उमटत नाही.
गरम पानं एकावर एक पडत गेली,
आणि प्रत्येकात त्या ठिकाणी नुसती जागा,
एक माणूस आडवा मावेल एवढी.

एकशेवीस झाले.
मी शंभर म्हटलं.
त्यांनी एकशेवीस मोजले.