उचल

सोहारच्या कोर्टासमोर, टायपिंगच्या दुकानात
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय
आणि मी अर्ज लिहितोय, उजवीकडून डावीकडे.
फेरविचाराची विनंती.
आरोपी भिकाजी तांडेल, राहणार हर्णै,
हल्ली मुक्काम तुरुंग.

वकीलबाई म्हणाल्या, अपिलाची मुदत केव्हाच टळली.
एकच दार किलकिलं आहे :
निकालाच्या दिवशी कोर्टाला ठाऊक नव्हतं असं काही
आज हाती लागलं असेल, तर.
लागलंय, मी म्हटलं.
काय?
एक शब्द.

त्या दिवशी विचारलं होतं, गल्ल्यातले दोनशे रियाल?
तो म्हणाला, ‘होय साहेब, उचल घेतली.’
आणि मी, कासम परकार, शपथ घेतलेला दुभाषी,
पस्तीस वर्षं मराठी फोनपुरती उरलेला,
अरबीत सांगून मोकळा झालो :
उचलले, म्हणतो.
पुढचं कुणी विचारलं नाही.
जेवणाची वेळ झाली होती.

उचल.
पावसाळ्यात होड्या शाकारल्या की
खलाशी शेठकडून घेतात ती.
माझ्या बापाने घेतली, नारळी पौर्णिमेनंतर
बांगड्याच्या हिशेबात फेडली.
वहीत नाव चढलं, अब्रू गेली नाही.
हा शब्द मी त्याच घरात ऐकला होता,
खारवलेल्या माशाच्या वासासकट.

बाई म्हणाल्या, ‘कोर्टाची चूक’ लिहू नका.
‘कोर्टापुढे आलेल्या भाषांतरातली चूक’ लिहा.
लिहिलं. दुभाष्याचं नाव?
तेही लिहिलं. हात थरथरला नाही,
फक्त स्वतःच्या नावाचं स्पेलिंग दोनदा चुकलं.
खाली शिक्का मारायला गेलो तर त्यांनी थांबवलं :
तुमचा नाही चालणार. दुसऱ्या कुणाचा आणा.

काल भेटीला गेलो. काचेपलीकडे भिकाजी,
दाढी पांढरी झालेली अकरा महिन्यांत.
सगळं सांगितलं. शब्द, शिक्का, अर्ज, मी.
शिवी देईल म्हणून थांबलो.
तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.
मग म्हणाला,
‘म्हणजे उचल अजून फिटायची आहे ना?
अरबाबला सांगा, पगारातून कापून घे.’

पहारेकऱ्याने मला विचारलं, काय म्हणतोय?

मी भिकाजीला म्हटलं,
पुन्हा एकदा सांग.
सावकाश.