पस्तीस मिलिमीटर

रोमाल्दने खोका उघडला आणि बाजूला सरला,
आत काहीतरी झोपलंय असं.
चार स्प्रिंगा. लाल.
मूळच्यांहून बुटक्या, एका वेढ्याने कमी.

"किती खाली घ्यायची?"
"पस्तीस मिलिमीटर."
आठ महिने जहाजाच्या इंजिनरूममध्ये असतो तो,
पाण्याच्या रेषेच्या खाली.
असा माणूस अंदाजे बोलत नाही.

गाडी निळी, दोन दारांची, तिसऱ्या हाताची.
चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये
चार बोटं रिकामी.
ती त्याला सलायची.
"सोयरू, लग्नाला आखूड पॅन्ट घालून आल्यासारखी दिसते रे."

जुनी स्प्रिंग काढताना मी बोलत नाही.
कॉम्प्रेसरचे दोन चिमटे समोरासमोर लावायचे,
ह्याला अर्धा फेरा, मग त्याला अर्धा,
मनात मोजत.
दाबलेली स्प्रिंग फार शांत दिसते.
माझ्या आंतोन मिस्त्रीच्या कपाळावर चंद्रकोर होती,
ती अशाच एका शांत स्प्रिंगने दिलेली.
दारू प्यायला की सांगायचा,
मोजणं चुकलं नव्हतं, मध्येच कुणीतरी हाक मारली.

मी नट सोडवला तेव्हा
फणसावरचा कावळासुद्धा गप्प होता.
रोमाल्द मात्र विचारत होता, कॅम्बरचं काय, अलाइनमेंटचं काय.
मी हात वर केला.
तो थांबला.

नव्या दोन जवळजवळ हातानेच बसल्या.
अजून त्यांना भार ठाऊक नव्हता.
बुशचे बोल्ट मात्र हवेत आवळायचे नाहीत.
आधी जॅक काढायचा,
गाडीला तिचं वजन तिच्या पायांवर घेऊ द्यायचं,
दोनदा बॉनेट दाबून हलवायची,
मग खाली सरपटत जाऊन शेवटचा पाना.
हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

दोन बोटं.
रोमाल्द उकिडवा बसला, मग गुडघ्यांवर,
मग खोर्लीच्या त्या लाल मातीत पांढऱ्या शर्टाने पालथा.
"आता बघ," म्हणाला,
आणि मी बघितलं. खोटं कशाला बोलू,
उभ्या जागी धावत होती.

पण त्याचं घर दिवाडीला.
जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी,
उतार खाली गेलेला,
फेरीचा फळका वर उठलेला,
आणि दोघांच्या मध्ये पडलेलं एक कोपर.
खर्र.
सगळ्या स्कूटरी वळून बघायला लागल्या.
मासळीच्या टोपलीमागून एक बाई म्हणाली, "आई गे,"
जणू तिचंच कातडं सोललं.
खलाशी बाबल वाकला, बंपरखाली बघितलं,
आणि डॉक्टर सांगतो तसं सांगितलं,
"पात्रांव, ही आता साडेतीननंतर."

मागे घेतली. कठड्यावर बसलो.
तीन फेऱ्या गेल्या.
टेम्पो गेला, पावाची सायकल गेली,
रोमाल्दचा शाळेतला मास्तर जुन्या उंच जीपमधून गेला
आणि त्याने हसू दाबलं नाही.

मांडवी शेवाळाची एक पायरी चढली.
मग बराच वेळ काही नाही. मग दुसरी.
"जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात," रोमाल्द म्हणाला,
"किती बुडालंय ते बाहेरून कळावं म्हणून.
आम्ही आतले, आम्हाला कधी दिसत नाहीत."
आणि पायरीवर वाकून
पाणी बोटांनी मोजायला लागला.

साडेतीनला धक्का आणि फळका
जवळपास एका ओळीत आले.
बाबलने दोन्ही हातांनी बोलावलं, ये, ये, ये,
विमान उतरवतात तसं.
मी बाजूने वाकून चालत होतो.
एक बोट सुटलं. फार तर सव्वा.

आता त्याच्या डॅशबोर्डवर सांत आंतोनीच्या शेजारी
भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं आहे.
दिवाडीतली माणसं मासे सोडून
गाडीसाठी ते वाचणारा पहिलाच बघताहेत.

जुन्या चार माझ्याकडेच आहेत.
"फेकू नको," म्हणालेला,
"म्हातारपणी लागतील."
एकीवर फळी टाकून मी चहाला बसतो.
माझ्या वजनाने ती
एक मिलिमीटरसुद्धा खाली जात नाही.