अर्धा आटा

सात वाजायला पाच कमी असताना
बियाणी शेठ जिन्यातूनच विचारतात,
"अंगद, आवळलं का?"
मी म्हणतो, आवळतो.

तीन क्लिक आहेत फक्त.
सेलूतल्या आमच्या अकराशे चाळीस घरांपैकी
जी घरं फायली वाटून घेतात,
तुकडा तुकडा, अनोळखी माणसांकडून घेत
अनोळखी माणसांना देत,
त्यांची धार सात ते अकरा
करंगळीएवढी होते.
बाकीच्यांची मालिका अडकायला नको.
मॅच तर नकोच नको.
खाली पाटीवर अनलिमिटेड लिहिलंय, दिव्यांचं,
त्यातला ‘लि’ दिवाळीपासून गेलाय.

फोन येतात.
ईदगाह रोडचे अत्तारचाचा, साउंड सर्व्हिसवाले.
लग्नं, कंदुरी, उरूस, भारूड, प्रचारसभा,
चाळीस वर्षांच्या कॅसेटी त्यांनी
नातवाकडून संगणकात उतरवून घेतल्यात
आणि मागेल त्याला देतात.
गुलबर्ग्याचा एक जण घेतो, बोधनचा एक,
आणि एक नॉर्वेतला, तो का घेतो देवाला ठाऊक.
"बेटा, नॉर्वेवाला सत्त्याण्णव टक्क्यांपे
खडा है दो घंटेसे. कायकू?
पिक्चर तो बराबर चलरा मेरे घर में."
लाइनला लोड आहे चाचा.
"लोड मेरेच गानेपे आता क्या?"
मी म्हणतो, राउटर बंद करून चालू करा.
ते खरंच करतात.
मला इथून दिसतं:
हिरवा ठिपका जातो, परत येतो.

माझे वडील लिंबाजी, नगरपालिकेत वॉल्व्हमन.
पाणी आठव्या दिवशी.
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी घेऊन
फुलारी गल्लीच्या कोपऱ्यावर खड्ड्यात उतरायचे,
तर वर बाया घागरी घेऊन उभ्याच.
"लिंबाजी, तुझ्या सोयऱ्याच्या गल्लीला दोन तास
अन् आमाला मुतल्यावानी?"
शिव्या तोंडावर. चहाही त्याच द्यायच्या.
बंद करताना ते अर्धा आटा ढिला ठेवायचे,
गिरणीमागच्या घरांसाठी,
जिथं दाब पोचायचाच नाही.
रजिस्टरात वॉल्व्ह बंद.
रात्रभर तिकडे थेंब थेंब हंडा भरायचा.
साहेबाला माहीत होतं की नव्हतं
ते कधी कळलं नाही.

परवा मीही ठेवून पाहिला.
अत्तारचाचांचा नंबर यादीतून काढला, तेवढा एकच.
नऊ वाजून दहा मिनिटांनी शेठचा फोन,
"एक घर लाल कामून दिसायलंय रे?"
माझ्या यंत्राला अर्धा आटा नसतो.
असतं किंवा नसतं,
आणि असतं त्याची नोंद होते.
म्हणालो, चुकून राहिलं.
आवळलं.
नॉर्वेवाला किती टक्क्यांवर होता
ते बघितलं नाही.

रात्री जेवताना वडील म्हणाले,
"तिथं नेमकं करतो काय रं तू?"
तुमचंच काम.
भाकरीचा तुकडा त्यांनी तसाच धरून ठेवला.
"शिव्या कोण देतंय?"
कोणीच नाही. कोणाला माहीतच नाही.
"हं."
मग बराच वेळ ठेच्यात मीठ जास्त झालंय
यावर आईशी बोलले.
हात धुताना, पाठमोरेच,
"फिरवताना हाताला कळतंय का पण,
पलीकडं दाब किती हाय ते?"

अकरा वाजता आवळलेलं आपोआप सुटतं.
त्यासाठी मी लागत नाही.
नॉर्वेत तेव्हा संध्याकाळ असते, गर्दीची वेळ.
तिथंही कुणीतरी जिन्यातून
कुणाला तरी विचारत असेल.