डंख कळला नाही

डॉक्टर ह्रिबेर्निक विचारतात, कशा आहात?
मी म्हणते, ठीक.
तोल्मिनहून ल्युब्लियानापर्यंत अडीच तास
मांडीवर पिशवी घट्ट धरून
जे जे सांगायचं ठरवत येते
ते सगळं त्यांच्या दाराशी, कोटाबरोबर,
खुंटीला अडकवते.

त्यांच्याकडे असतात बारा मिनिटं.
बाहेर बाकावर नऊ जण,
त्यातल्या एकाला पाणी मागायचंही त्राण नाही.
मग मी कशाला सांगू,
की पाण्याला पत्र्याची चव येते,
की दुपारी तीनला मी विझते,
कुणी फुंकर घातल्यासारखी?
आमच्या खोऱ्यात कुरकुरणारी बाई
म्हणजे कुरकुरणारं दार.
तेल घाल नि गप्प बस, आई म्हणायची.

मधमाश्यांना मात्र सांगते.
रीतच आहे तशी.
घरात कुणी आलं, कुणी गेलं
की पेटीवर तीनदा टकटक करून वार्ता द्यायची,
नाहीतर त्या रुसतात, निघून जातात.
जनावर मरतं, माणूस वारतो;
आमच्या भाषेत माशीही
वारतेच.

म्हणून फेब्रुवारीत, पेट्यांवर बर्फ असताना,
गाठीचं नाव वेंदेलिनच्या आधी त्यांना कळलं.
निळ्या पेटीला. पिवळीला.
मग आजोबांनी रंगवलेल्या त्या फळीला,
जिच्यावर शिकाऱ्याची तिरडी
ससे आणि अस्वलं खांद्यावरून नेतात.
कान लावला.
आत नुसती गुणगुण, ऊब धरून बसलेली.
त्यांनी मध्येच घड्याळ पाहिलं नाही.

एप्रिलमध्ये बटणं लागेनात.
मी बिनबटणांचा स्वेटर काढला.
सुईत दोरा जाईना, शिवण उद्यावर टाकली.
बरणी निसटली, मांजरावर आळ घातला.
ताकाला जायचं नि भांडं लपवायचं,
तेही अडीच तासांचं तिकीट काढून!
पण सांगितलं तर औषध कमी करतील,
कमी केलं तर ती वाढेल.
हा हिशोब मी एकटीने मांडला होता
आणि एकटीनेच तपासला होता.

मग मे महिन्यातला तो रविवार.
चौकट उचलली तर
तर्जनीच्या टोकात नांगी रुतलेली,
माशी केव्हाच गेलेली,
विषाची इवलीशी पिशवी अजून धडधडणारी,
आणि मला पत्ताच नाही.
खरं सांगू? आनंद झाला.
चाळीस वर्षं सोसलं, म्हटलं, सुटले.

मंगळवारी रक्त काढताना नेझकाने बोट पाहिलं.
हे काय सुजलंय?
माशी.
दुखलं असेल.
नाही.
तिने सुई ट्रेमध्ये परत ठेवली.
डोळे मिटा, म्हणाली, आणि तळहातावर नाही,
बोटांच्या टोकांवर काहीतरी ठेवलं.
सांगा, काय आहे?
मी चाचपलं. बराच वेळ.
तिला घाई नव्हती, निदान तिने दाखवली नाही.
बटण, मी म्हणाले.
डोळे उघडले तर किल्ली होती.
मोठी, दातेरी, कपाटाची.

तेव्हा रडू आलं. किल्लीचं.
नेझका म्हणाली, कधीपासून?
मी म्हणाले, माश्यांना विचार.
ती हसली नाही. लिहून घेतलं तिने,
बटणं, दोरा, बरणी,
मांजराचं निर्दोषत्वसुद्धा.
मग माझ्याच पावतीच्या मागे तीन रेघा मारून दिल्या:
पुढच्या वेळी इथे तीन गोष्टी लिहून आणा.
जी सांगायची सगळ्यात लाज वाटते ती वर.

आज कोट काढला नाही.
पावती खिशात आहे. वरच्या ओळीतलं
इथे लिहीत नाही, ते त्यांच्यासाठी आहे.
डॉक्टर पडद्याकडे पाहत विचारतात, कशा आहात?
ठीक जिभेवर येऊन बसतं, जुन्या सवयीने.
माझ्या बोटांच्या टोकांना आता फारसं कळत नाही,
पण पेरांना अजून लाकूड कळतं.
मी त्यांच्या टेबलावर
तीनदा टकटक करते.

ते पडद्यावरून मान वळवतात.