काटा

निपाणीत तंबाखूच्या जुन्या अबकारी कचेरीचं
म्युझियम झालंय.
तिकीट दहा रुपये, साठीच्या वर पाच.
आत्यानं कनवटीचं नाणं दिलं
आणि पावती मागितली.
‘हितनं पावतीबिगर हलायचं न्हाई,’
मला म्हणाली, हळू.

चपला काढा असं कुणी म्हणालं नव्हतं.
तिनं काढल्या, हातात धरल्या.

भिंतींना नवा पिवळा रंग.
टेबलाशी पुठ्ठ्याचा साहेब,
टोपीसकट, हसरा.
‘ह्यो कोण? हसणारं कोण नव्हतं हितं.’

पाट्या कन्नडमध्ये, काचेखालचं दप्तर मोडीत.
पहाऱ्यावरच्या मलगौडाला मोडी येत नाही,
मला कन्नड अडखळत,
आत्याला तर कुठलंच अक्षर नाही,
म्हणून तिघांत तीच बिनघोर पुढं गेली.

आतल्या खोलीत, दोरीपल्याड, काटा.
आढ्याला लोखंडी दांडी,
साखळ्यांना बोद मावेल एवढ्या फळ्या,
तेलपाणी केलेल्या.
पाटी मी जुळवत जुळवत वाचली:
अचूक… वजनाचं… साधन.

आत्या थांबली.
मग लुगडं सावरून
दोरीखालून गेली.
‘मुट्टबेडरी, आक्का!’ मलगौडा धावला.
‘हात लावत न्हाई रे बाबा.’
ती उकिडवी बसली,
मान वाकडी करून
मालाच्या फळीखाली बघत राहिली.

‘हाय. अजून हाय.’

मीही वाकलो.
चपटी लोखंडी पट्टी,
चार खिळे,
वरून नवं पॉलिश.

‘माल चढला की कर चढायचा.
जी तंबाखू पिकलीच न्हाई
तिचा बी कर भरला आबानं.
मी हितं हुबी हुते, परकरात.
खालनं दिसायचं मला.
मोठ्या माणसांस्नी दिसत नव्हतं.’

मलगौडा गुडघ्यावर बसला.
बराच वेळ बसला.
उठताना फक्त म्हणाला,
‘आमच्या आप्पांचं बी वजन हितंच हुतं.’
मग त्यानं दोरी पुन्हा सरळ केली,
जशी असायला हवी तशी.

दारात अभिप्रायाची वही.
मी लिहू लागलो, काही सुचेना.
आत्यानं तिकिटाच्या शिक्क्याचं पॅड ओढलं,
डावा अंगठा दाबला,
वहीत उठवला, माझ्या अर्ध्या वाक्यावर.

पुसायला फडकं नव्हतं.
पूर्वीही नसायचं.
तिनं इकडं तिकडं पाहिलं
आणि नव्या पिवळ्या भिंतीला
अंगठा पुसला, नीट, दोनदा.

मलगौडा बाहेर
चिंचेकडं बघत होता.